केवळ गोमांसाचा बेकेओफ : प्रकल्प नोंदी

10 जानेवारी 2025, शुक्रवार

फेब्रुवारीच्या मध्यावर आमच्या इमारतीतील दहा माणसांचे रविवारचे जेवण माझ्याकडे आहे आणि त्यासाठी ईशान्य फ्रान्समधील आल्सास प्रांताचा बेकेओफ (शब्दशः ‘पाववाल्याची भट्टी’) करण्याचे ठरले आहे. मांसाचे तुकडे आणि बटाट्याच्या चकत्या यांचे थरावर थर रचायचे, त्यांवर पांढरी वाइन ओतायची, झाकणाच्या कडेला कणकेची वळी लावून भांडे पक्के बंद करायचे आणि भट्टीत तीन-चार तास ठेवून द्यायचे, असा हा पदार्थ आहे. रूढ पद्धतीत गाय, डुक्कर आणि मेंढी या तिन्हींचे मांस प्रत्येकी सुमारे अर्धा किलो घेतात. आमच्या पंगतीतील दोघे डुकराचे मांस खात नसल्यामुळे मी फक्त गोमांस वापरणार आहे. स्ट्रासबर्ग या आल्सासच्या मुख्य शहरातील उपाहारगृहांत माशाचा आणि बदकाचा बेकेओफही मिळतो, तेव्हा एवढ्या बदलाने कोणाच्या भावना दुखावण्याचे कारण नाही.

खरी अडचण वेगळी आहे. डुकराच्या खांद्याची चरबी आणि पुष्कळ घरांत तळाशी आवर्जून ठेवला जाणारा डुकराचा पाय यांमुळे रसाला अंग येते, तो ओठांना किंचित चिकटतो. हा गुण गोमांसातून आणि बटाट्यातून कसा मिळवावा, तसेच पाच लिटरहून मोठे भांडे घरच्या विजेच्या ओव्हनमध्ये आतपर्यंत नीट कसे शिजवावे, हे जेवणाच्या दिवसापूर्वी निश्चित व्हावे, एवढ्यासाठी या नोंदी.

11 जानेवारी, शनिवार

भांडे आणण्यासाठी सुफ्लेनहाइमला गेलो. स्ट्रासबर्गच्या उत्तरेला, आग्नोच्या जंगलालगत असलेले हे कुंभारांचे गाव आहे. जंगलातील माती विनामूल्य घेण्याचा हक्क आपल्या पूर्वजांना बाराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने दिला, असे येथील कुंभार सांगतात. ओव्हनमध्ये चालणारी झिलईदार मातीची भांडी, म्हणजे बेकेओफचे लंबगोल भांडे आणि कुगलहोफ या केकचा पीळदार साचा, ही या गावाची ओळख होय. जवळच्याच बेत्शडोर्फ गावातील भांडी राखाडी रंगाची, त्यांवर कोबाल्टची निळी नक्षी असते. ती फार उच्च तापमानाला भाजतात आणि भट्टीत मीठ टाकून त्यांवर झिलई आणतात. ती साठवणीसाठी आणि पेयांसाठी उत्तम असली तरी आपल्या कामाची नाहीत.

साडेपाच लिटरचे भांडे घेतले. फुले आणि ठिपके यांची नक्षी सर्वांवरच होती, त्यामुळे निवड करताना मी काठाकडे पाहिले. झाकण बसवून भांडे खिडकीसमोर धरले की फट कोठे आणि किती आहे ते उजेडात दिसते. हाताने घडवलेल्या भांड्यात थोडी फट असणारच आणि कणकेची वळी तिच्यासाठीच असते. मात्र काठ निदान बोटभर रुंद आणि सपाट असावा, नाहीतर वळीला बसायला जागा मिळत नाही. तळाच्या बाहेरील बाजूस झिलई नसते, तेथे माती पाणी शोषून घेते.

12 जानेवारी, रविवार

भांडे रात्रभर पाण्यात बुडवून ठेवले होते. सकाळी पुसून थंड ओव्हनमध्ये ठेवले, तापमान टप्प्याटप्प्याने 180 अंशांपर्यंत नेले आणि ओव्हनमध्येच थंड होऊ दिले. मातीच्या भांड्याला उष्णतेपेक्षा उष्णतेतील झटका मारक असतो, म्हणून पुढेही भांडे नेहमी थंड ओव्हनमध्येच जाईल. कोकणात नवे मडके चुलीवर चढवण्यापूर्वी जी काळजी घेतात तीच येथे घ्यायची आहे. वसईत लहानपणी पाहिलेली शिस्त अशी अवचित कामी आली.

15 जानेवारी, बुधवार

तळमजल्यावरील आजींशी बोलणे झाले. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि त्यांच्या आईच्या घरी हा पदार्थ खरोखरच गावच्या पाववाल्याच्या भट्टीत जात असे. आल्सासमध्ये सर्वत्र सांगितली जाणारी हकीकत त्यांनीही सांगितली: सोमवार हा धुण्याचा दिवस, बायकांना चुलीपाशी उभे राहायला सवड नसे, म्हणून रविवारी रात्री मांस वाइनमध्ये मुरत घालायचे, सकाळी थर रचून भांडे पाववाल्याकडे द्यायचे आणि धुणे आटोपल्यावर ते घेऊन घरी यायचे. सकाळचा पाव निघाल्यावर भट्टी रिकामी असली तरी तिच्या विटांत उष्णता भरपूर उरलेली असे.

ज्यू कुटुंबांच्या शब्बाथच्या जेवणाशीही या पदार्थाचे नाते जोडले जाते. शनिवारी विस्तव पेटवणे निषिद्ध असल्यामुळे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच भांडे बंद करून भट्टीत ठेवण्याची त्यांची जुनी रीत आहे. फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वी फ्रान्समधील निम्म्याहून अधिक ज्यू आल्सासमध्ये राहत होते आणि स्ट्रासबर्ग शहरात वस्तीला मनाई असल्याने त्यांची घरे बहुतांशी खेड्यांतच होती. त्यामुळे एकाच भट्टीत दोन्ही समाजांची भांडी जाण्याचा संभव मला पुष्कळ वाटतो आणि डुकराच्या मांसाशिवायचा बेकेओफ ही माझी नवी युक्ती नसून बहुधा जुनीच वाट असावी.

आजींच्या बोलण्यातील कामाची गोष्ट मात्र ही की, पाववाल्याच्या भट्टीखाली पुन्हा जाळ केला जात नसे. भांडे आत जाई तेव्हा भट्टी कडक तापलेली असे आणि बाहेर येई तेव्हा ती निवत आलेली असे. आजच्या पाककृतींत जे एकच एक तापमान दिलेले असते, ते त्या भट्टीत कधीच नव्हते. या मुद्द्याची चाचणी घ्यावयाची आहे.

18 जानेवारी, शनिवार

खाटकाकडून एक किलो पालरों आणि अर्धा किलो जारे घेतले. पालरों म्हणजे खांद्याच्या हाडावरील मांस. त्याच्या मधोमध पांढऱ्या चिवट पडद्याची एक शीर आरपार गेलेली असते आणि आडवा काप घेतला की ती प्रत्येक तुकड्यात स्पष्ट दिसते. ती काढून टाकण्याचा मोह टाळावा, कारण सावकाश शिजल्यावर तिचेच जिलेटिन होऊन रसात उतरते. जारे म्हणजे नडगीचे मांस, ते त्याहूनही चिवट असते. डुकराच्या पायाची उणीव ते भरून काढील अशी अपेक्षा आहे.

तुकडे साधारण चार सेंटिमीटरचे केले. त्यांत दोन कांदे, लीकचा (कांद्याच्या कुळातील लांब देठाच्या भाजीचा) पांढरा भाग, दोन गाजरे, लसणाच्या तीन पाकळ्या, थाइम, पार्सलीचे देठ, लॉरेलची दोन पाने (हे आपल्या तमालपत्राहून निराळे आणि वासाला उग्र असते), तीन लवंगा आणि जुनिपरची सात-आठ फळे ठेचून घातली. वर सिल्व्हानेर या पांढऱ्या वाइनची पाऊण लिटरची बाटली ओतली. रीस्लिंग या दुसऱ्या पांढऱ्या वाइनपेक्षा सिल्व्हानेर सौम्य असते आणि स्वयंपाकाला परवडते. दहा ग्रॅम मीठ आताच घातले, कारण चोवीस तासांत वाइन मांसात काही मिलिमीटरच शिरत असली तरी मीठ त्याहून बरेच खोलवर जाते.

19 जानेवारी, रविवार

आज मुद्दाम प्रचलित पाककृतीप्रमाणेच केले, म्हणजे पुढील बदलांची तुलना कशाशी करायची ते ठरेल. शार्लोत जातीचे घट्ट बटाटे सुमारे एक किलो आठशे ग्रॅम, पाच मिलिमीटरच्या चकत्या. तळाशी बटाटे, मग कांदा-लीक-गाजर, मग मांस, पुन्हा बटाटे, पुन्हा भाजी आणि मांस, सर्वांत वर बटाट्यांचा थर. मुरवणीची वाइन तशीच थंड ओतली. तारेचा तापमापक भांड्याच्या मध्यभागी खोचला आणि त्याची तार कणकेच्या वळीतून बाहेर काढली, जेणेकरून झाकण न उघडता आतले तापमान कळावे. ओव्हन 180 अंशांवर, एकूण वेळ तीन तास.

भांड्याच्या मध्यभागी 85 अंश व्हायला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागला. मांसातील चिवट ऊती विरघळायला तेवढ्या तापमानावर दोन-अडीच तास तरी हवेत, आणि येथे तास पुरता होण्याच्या आतच ओव्हन बंद झाला. परिणाम अपेक्षेप्रमाणेच होता. कडेचे मांस मऊ आणि मधले चामट. पालरोंची शीर कडेच्या तुकड्यांत काचेसारखी पारदर्शक झाली होती, मधल्या तुकड्यांत ती पांढरी आणि दाताखाली रबरी राहिली. पाककृतींत लिहिलेले तीन तास बहुधा लहान भांड्याचे किंवा खोलीच्या तापमानावर आलेल्या जिन्नसांचे असावेत.

बटाट्यांचा प्रकार अधिक विचार करण्याजोगा निघाला. वाइनमध्ये बुडालेला तळाचा थर तीन तासांनंतरही कचवट होता, तर रसाच्या वर वाफेत राहिलेला थर पार मऊ झाला होता. दोन्हीकडे बटाटे एकाच पिशवीतले होते.

20 जानेवारी, सोमवार

कालच्या कचवट थराचे कारण आपल्याकडील कोणत्याही गृहिणीला विचारावे. चिंच किंवा आमसूल आधी पडले की बटाटा शिजत नाही आणि डाळ तर मुळीच शिजत नाही, म्हणून आंबट नेहमी मागाहून घालतात. आम्लामुळे भाजीतील पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे पेक्टिन सहजासहजी सुटत नाही. पांढरी वाइन आंबटच असते. भाताच्या पेजेत आणि कोकमाच्या कढीत वाढलेल्या माणसाला हे उमगायला तापमापकाची गरज पडू नये.

पण यातूनच उलट उपयोगही सुचतो. घट्ट जातीचा बटाटा आम्लात आणखी घट्ट राहणार असेल, तर तेथे पिठूळ जात वापरावी. बिंत्ये हा हॉलंडमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी तयार झालेला बटाटा फ्रान्समध्ये तळणासाठी आणि लगद्यासाठी प्रसिद्ध आहे. साध्या पाण्यात तो फुटून जातो, म्हणून बेकेओफसाठी तो सहसा कोणी सुचवत नाही. वाइनमध्ये मात्र आम्लच त्याला सावरून धरील आणि त्याचा स्टार्च रसाला दाटपणा देईल. त्यासाठी चकत्या केल्यावर त्या पाण्यात ठेवायच्या नाहीत, नाहीतर हवा असलेला स्टार्च मोरीत जातो. सर्वांत वर, जेथे रस पोहोचत नाही, तेथे शार्लोतच राहील.

26 जानेवारी, रविवार

आज चार गोष्टी बदलल्या. तळाशी आणि मध्ये बिंत्ये, वर शार्लोत. द्रव म्हणून अर्धी वाइन आणि अर्धे हाडांचे पाणी. मांस आणि भाज्या निथळून घेऊन मुरवणीची वाइन वेगळ्या पातेल्यात पाच मिनिटे उकळली. भांडे, मांस आणि भाज्या थंडगार न ठेवता आधी खोलीच्या तापमानावर आणल्या.

वाइन उकळण्याला आजींचा विरोध आहे. त्यांच्या मते हा शहरी चोखंदळपणा झाला. मला मात्र तीन कारणांसाठी ते पटते. उकळताना मांसातून आलेली प्रथिने करड्या फेसाच्या रूपाने वर येतात आणि झाऱ्याने काढून टाकता येतात, त्यामुळे रस गढूळ होत नाही. दुसरे असे की, पक्क्या बंद भांड्यातून मद्यार्काची वाफ बाहेर पडायला वाटच नसते आणि कच्च्या वाइनचा तिखट दर्प शेवटपर्यंत आत कोंडून राहतो. शिवाय कोमट-गरम द्रव घातल्याने मध्यभाग लवकर तापतो. फक्त भांडे आधी कोमट पाण्याने धुऊन घ्यावे आणि द्रव उकळता ओतू नये.

ओव्हन सबंध वेळ 150 अंशांवर, चार तास. मांस सर्वत्र मऊ झाले. तळाचे बिंत्ये आकार टिकवून आतपर्यंत शिजले, चकती काट्याने उचलली तर अखंड येत होती आणि जिभेवर विरघळत होती. बटाट्यांचा प्रश्न येथे निकालात निघाला असे मानतो. तरीही एकूण पदार्थ फिका वाटला. वरचा थर पांढरट, कडेला कोठेही तपकिरी छटा नाही, आणि कणकेची वळी चार तासांनीही इतकी ओलसर की एका जागी तिच्यातून वाफ निसटत होती. उकडलेल्या जेवणाला जो आजारीपणा असतो, तो यात होता.

2 फेब्रुवारी, रविवार

निवत्या भट्टीची चाचणी. भांडे थंड ओव्हनमध्ये ठेवून तापमान 220 अंशांवर लावले आणि पाऊण तास तेथेच ठेवले. पुढे एक तास 180 अंश. त्यानंतर पावणेदोन तास 150 अंश. शेवटी ओव्हन बंद करून दार न उघडता अर्धा तास भांडे आतच.

फरक पहिल्या पाऊण तासातच दिसला. कणकेची वळी झटपट वाळून टणक झाली आणि तिने वाफ कोंडून धरली. मध्यभागी 85 अंश दीड तासाच्या सुमारास आले आणि तापमान उतरवल्यानंतरही भांड्याच्या जाड भिंतींमुळे मध्यभाग शेवटपर्यंत नव्वदीत टिकून राहिला. म्हणजे मांसाला हवे होते ते दोन-अडीच तास पुरेपूर मिळाले. वरच्या बटाट्यांना कडेने सोनेरी रंग आला. भांड्याच्या भिंतीला रसाची जी रेघ उमटते तेथे तो आटून गडद आणि चिकट झाला होता. चमच्याने खरवडून तो उरलेल्या रसात मिसळला की सगळ्याची चव खोल होते. जारेच्या मांसाने आपले काम चोख केले. एक चमचा रस बशीत थंड होऊ दिला, तर तो थरथरत गोठला.

पाववाल्याच्या भट्टीत जे आपोआप घडत होते ते घडवायला ओव्हनचे बटण तीनदा फिरवावे लागते, इतकाच काय तो त्रास. एकसारखे तापमान ही ओव्हनची सोय आहे, या पदार्थाची गरज नाही, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

द्रवाची पातळी किती असावी हेही आज ठरले. वरच्या थराखाली रस नुसता दिसेल इतकाच द्रव घालावा. दीड किलो मांस शिजताना स्वतःचे तीन-चारशे मिलिलिटर पाणी सोडते. आधीच काठोकाठ भरले तर ते उसळून वळी भिजवते.

5 फेब्रुवारी, बुधवार

वळीचे प्रमाण: मैदा 250 ग्रॅम, पाणी सुमारे 130 मिलिलिटर, चमचाभर तेल, यीस्ट नाही. कणीक पुरीच्या कणकेइतकी घट्ट मळावी; सैल झाली तर तापल्यावर ओघळते. अंगठ्याएवढी जाड वळी करून ओल्या केलेल्या काठावर बसवावी, तिच्यावर झाकण दाबावे आणि बाहेर आलेली कणीक बोटाने वर सारून सांधा बुजवावा. झाकणाला वाफेसाठी छिद्र असेल तर तेही त्याच कणकेने बंद करावे. बिर्याणीला दम देणाऱ्यांना यात शिकवण्यासारखे काही नाही.

15 फेब्रुवारी, शनिवार

उद्याची तयारी. मांस काल संध्याकाळपासून मुरत आहे. दहा माणसांसाठी अंतिम मापे अशी: पालरों एक किलो, जारे अर्धा किलो, बिंत्ये एक किलो दोनशे, शार्लोत सहाशे ग्रॅम, कांदे चारशे, लीक आणि गाजर प्रत्येकी दोनशे ग्रॅम, वाइन पाऊण लिटर, त्यातील निम्मी भांड्यात आणि उरलेली आटवून रसासाठी राखून. मीठ एकूण चाळीस ग्रॅम, मुरवणीतले दहा धरून. बाकीचे प्रत्येक थरावर विभागून घालायचे, कारण बंद भांड्यात मागाहून दुरुस्तीला वाव नाही. भरीला हिरवे सॅलड, त्यावर मोहरी आणि व्हिनेगरचे मिश्रण.

16 फेब्रुवारी, रविवार

सकाळी साडेआठला भांडे ओव्हनमध्ये गेले, साडेबाराला मेजावर आले. वळी सुरीच्या पात्याने फोडण्याचा मान आजींना दिला. त्यांनी रस आधी नुसताच चाखला आणि विचारले, "पाय घातला नाहीत ना तुम्ही?" नाही म्हटल्यावर त्यांनी जारेचा तुकडा ताटात उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा वाढून घेतले. वाइन उकळल्याबद्दलचा त्यांचा आक्षेप मात्र कायम आहे. वाढताना उभा काप घेत तळापर्यंत जावे लागते, वरवरून वाढले तर पहिल्या चौघांनाच शार्लोत मिळतो. पुढच्या वेळी रुंद आणि चपटा डाव हवा.

18 फेब्रुवारी, मंगळवार

उरलेला भाग काल तव्यावर लोण्यात परतला. थंड होऊन गोठलेला रस प्रथम वितळतो आणि मग बटाट्याला खरपूस साल धरते. मूळ जेवणापेक्षा मला तो अधिक आवडला, हे आजींना सांगणार नाही.

वसईच्या नातेवाइकांनी कृती मागितली आहे. महाराष्ट्रात 2015च्या कायद्याने गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे तेथे हा पदार्थ म्हशीच्या मांसाचा करावा लागेल. ते अधिक कोरडे आणि तंतुमय असते. म्हणून नडगीचे मांस निम्म्यापर्यंत वाढवावे आणि 150 अंशांचा टप्पा तासाभराने लांबवावा, असे त्यांना कळवले आहे. बिंत्ये तेथे मिळणार नाही. नवा, पातळ सालीचा बटाटा आम्लात घट्ट राहील, तेव्हा तळाशी जुना, साठवणीतला पिठूळ बटाटा आणि वर नवा, अशी विभागणी करावी. जुनिपर न मिळाल्यास ते वगळावे, त्याऐवजी घरचा बाटली मसाला घालू नये. वाइन घरातल्या देवापुढची गोड नको, कोरडी पांढरी हवी.